भरतीच्या वेळेवर भरलेली शाळा: एका घराचा एक आठवडा

दापोली तालुक्यात, हर्णै-मुरुडच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागून एक घर आहे. मागे नारळी-पोफळीची वाडी, पुढे अंगण आणि अंगणाच्या कडेला पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. घरात सहा माणसं: आजोबा, आजी, आई, बाबा, सहावीतली ताई आणि तिसरीतला धाकटा. नावं मुद्दाम देत नाही. पौषात जिल्हा परिषदेच्या शाळेचं छप्पर दुरुस्तीला निघालं, मुलांना आठवडाभर सुट्टी मिळाली आणि त्या आठवड्यात या घराने घरशाळा भरवून पाहिली. हे प्रकरण त्या आठवड्याचं.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका, शेजारच्याच घरात राहते. दोन्ही मुलं मला बाईच म्हणतात. मुलांच्या आईने आदल्या दिवशी येऊन सांगितलं, "बाई, तुम्ही शिकवायचं नाही हं. नुसतं बघा आणि लिहून ठेवा. आम्हाला जमतंय की नाही, ते मग सांगा." मी वही घेऊन पडवीत बसले.

प्रश्न कुठून आला

दिवाळीत त्यांच्या खोल्यांवर पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं. त्यांची मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. चार दिवस त्या मुलांना वाडीत हुंदडताना, गांडुळांना नावं देताना आणि आजींना शंभर प्रश्न विचारताना पाहून आईच्या मनात विचार घोळायला लागला. त्यात एक खरी अडचण होती. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढे ताईला एसटीने रोज ये-जा करावी लागणार आणि पावसाळ्यात ती एसटी कधी येईल याचा भरवसा नाही.

बाबांची शंका वेगळी: "हे कायद्यात बसतं का?" त्याचं उत्तर थोडक्यात सांगते, कारण बरेच पालक इथेच अडतात. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, तो 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षण देणं ही त्यात सरकारची जबाबदारी आहे. मुलाला घरी शिकवलं म्हणून पालकांना शिक्षा, अशी तरतूद त्यात नाही. शाळेबाहेर राहिलेलं मूल परत आलं तर त्याला वयानुसार योग्य त्या वर्गात प्रवेश द्यावा लागतो. दहावीची परीक्षा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून देता येते, त्यासाठी किमान वय चौदा. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. बालभारतीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. म्हणजे वाट आहे. ती या घराला झेपेल का, एवढंच पाहायचं होतं.

सोमवारी शाळा घरात आली

आईने रविवारी रात्री वेळापत्रक आखलं होतं, रंगीत पेनांनी, चौकटी पाडून. नऊ ते दहा मराठी, दहा ते अकरा गणित, मग मधली सुट्टी, मग इंग्रजी, परिसर अभ्यास, चित्रकला. आजोबांनी शाळेच्या घंटेची जबाबदारी आपणहून घेतली आणि बरोबर नऊ वाजता देवघरातली घंटा वाजवली. आजी स्वयंपाकघरातून हात जोडूनच बाहेर आल्या. आरती नाही, मराठीचा तास आहे म्हटल्यावरही त्यांनी देवाला नमस्कार करून घेतला आणि नातवंडांच्या कपाळाला अंगारा लावूनच त्या आत गेल्या.

धाकट्याने तर शाळा पुरती मनावर घेतली. आईला तो मॅडम म्हणू लागला. पाण्यासाठी हात वर, बाहेर जायचं तर करंगळी वर. माजघर ओलांडलं की स्वयंपाकघर, तरी त्याने हट्टाने डबा भरून घेतला आणि मधल्या सुट्टीत पडवीच्या पायरीवर बसून खाल्ला. पोळी-भाजी तीच, पण डब्यातली म्हणून दोन घास जास्त गेले.

दुपारपर्यंत वेळापत्रकाच्या चौकटी एकेक करून मोडल्या. खोलीच्या चौकशीचा फोन आला. सुपारीचा व्यापारी आला. एकीला अपूर्णांक समजावताना दुसरा खिडकीतून खारीशी बोलत बसला. संध्याकाळी आईने हिशेब केला तेव्हा दोघांचं मिळून दोन पानं लिखाण झालं होतं, आणि ती दमून गेली होती.

माझ्या वहीत मी त्या दिवशी लिहिलं: दोन इयत्ता एकाच शिक्षकाने सांभाळणं ही कला आहे, आमच्या खेड्यातल्या शाळांमधून कित्येक शिक्षक ती रोज करतात. पण त्या शिक्षकाच्या चुलीवर त्या वेळी भात शिजत नसतो. आई कुठेही कमी पडली नव्हती. घर शाळेसारखं चालवायचं ठरवलं तर घराची कामं अडथळा वाटू लागतात, आणि कामं काही थांबत नाहीत.

मंगळवारची पाऊणकी

आठवड्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट कुणी ठरवून घडवली नाही.

ताई पडवीत गणित करत होती. पाचच्या तीन चतुर्थांश किती? पाच गोल काढून प्रत्येकाचे चार भाग करून ती रंगवत होती. आजोबा शेजारी अडकित्त्याने सुपारी फोडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "पावणेचार."

"कसं काय?"

"पाऊणकी. एक पाऊण पाऊण, बे पाऊण दीड, त्रिक पाऊण सव्वादोन, चोक पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार." अडकित्ता त्याच तालावर चालू होता. आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ केलेले. ताईने गोल मोजून पाहिले. पंधरा पाव म्हणजे पावणेचारच.

मग आजोबांनी खिडकीतून समुद्राकडे पाहिलं. "आज पंचमी ना गो? मग पावणेचारलाच भरती पुरी होणार."

आमच्याकडच्या जुन्या माणसांचा हा नियम आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. दुपारी-संध्याकाळी तशीच पहाटे-सकाळी. पौर्णिमा झाली की वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात आणि पूर्ण ओहोटी त्यांच्या मध्यावर येते. ताईने हे आयुष्यभर कानावरून जाऊ दिलं होतं. त्या दिवशी मात्र तिने आजोबांना सरळ विचारलं, "खरंच? बघायचं?"

वेळापत्रकात तेव्हा चित्रकला होती. आईने एक क्षण त्या रंगीत कागदाकडे पाहिलं आणि म्हणाली, "जा. पण मला येऊन नीट सांगायचं."

साडेतीनच्या आधीच तिघं पुळणीवर गेली. वाडीतल्या बांबूच्या काठ्या तोडून नेल्या होत्या. धाकट्याने पाण्यापासून वर वाळूकडे एका ओळीत त्या रोवल्या, दोन काठ्यांत त्याची पाच पावलं. घड्याळ ताईच्या हातात. पाणी एकेक काठी गाठत चढत होतं आणि धाकटा प्रत्येक काठीला "गेली!" म्हणून ओरडत होता. पावणेचार झाले, पाणी अजून चढतंच. चारच्या सुमाराला ते थबकलं. पुढच्या काठीला लाटेचा फेस लागायचा आणि पाणी मागे सरायचं. थोड्या वेळाने फेसही लागेना. ताईने वहीत लिहिलं: पंचमी, पाऊणकीने 3.45, काठीने 4.00.

आजोबा म्हणाले, "पंधरा मिनिटं इकडेतिकडे व्हायचीच." पण ती पंधरा मिनिटं ताईला सोडवेनात. रात्री जेवताना, ताटावर, तिने उलगडा केला. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत भरती मागे पडत पडत पूर्ण चोवीस तास सरकते आणि पुन्हा त्याच वेळेवर येते. महिन्याच्या तिथी तीस. चोवीस तासांना तीसने भागलं तर तिथीमागे 48 मिनिटं. आजोबांची पाऊणकी धरते 45. दर तिथीला तीन मिनिटं कमी, म्हणजे पंचमीला बरोबर पंधरा मिनिटांचा फरक आणि पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाचा. काठीच्या मापात लाटांमुळे मागेपुढे होतं, चंद्राची गती रोज सारखी नसते, वारा आणि किनाऱ्याचा आकारही वेळ हलवतो, त्यामुळे दर वेळी आकडा इतका नेमका जुळणार नाही. पण पाऊणकी कुठे आणि का कमी पडते हे सहावीतल्या मुलीने शोधलं होतं, आणि आजोबा तिच्याकडे कौतुकाने बघत राहिले. "तोंडी करायला पाऊणच सोपी," एवढंच ते म्हणाले, आणि तेही खरंच आहे. 48 चा पाढा होडीत उभं राहून कोण म्हणणार!

तीस वर्षं मी अपूर्णांक शिकवले. भाकरीचे तुकडे केले, कागदाच्या घड्या घातल्या. पण उत्तर बरोबर की चूक हे मीच सांगायची. इथे ते समुद्राने सांगितलं, आणि म्हणून ताई उत्तर आल्यावरही थांबली नाही. आपल्या उत्तरावर खरंच काहीतरी ठरणार आहे, हे मुलाला कळलं की ते वेगळ्याच जोमाने शिकतं. पुढच्या दिवसांत हेच पुन्हा पुन्हा दिसलं.

बुधवारचा फळा

बुधवारी पाहुणे आले, मुंबईचं एक कुटुंब आणि त्यांचे मित्र. आई सकाळपासून चुलीपाशी. सोलकढी, उकडीचे मोदक, ओल्या काजूंची अजून वेळ नव्हती म्हणून सुक्या काजूंची उसळ. शाळा भरलीच नाही असं वाटत होतं.

जेवताना पाहुण्यांपैकी एकाने सहज विचारलं, "संध्याकाळी साडेपाचला समुद्रात उतरलं तर चालेल ना?" वाढायला उभी असलेली ताई म्हणाली, "आज षष्ठी. सहा पाऊण साडेचार, त्यात अठरा मिनिटं मिळवा. पावणेपाचनंतर ओहोटी लागेल. साडेपाचला पाणी बाहेर ओढत असेल, तेव्हा नका उतरू."

पाहुणे तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी बाबांकडे पाहिलं, बाबांनी मान डोलावली. ते साडेतीनलाच गेले, कमरेएवढ्या पाण्याच्या पुढे गेले नाहीत आणि ओहोटी लागायच्या आत बाहेर आले. या किनाऱ्यावर दर हंगामात पर्यटक बुडाल्याच्या बातम्या येतात. ओहोटीला उतरू नये हे इथलं पोरही जाणतं, बाहेरून आलेल्या माणसाला ते सांगायचं मात्र राहून जातं. त्या दुपारी ते सांगितलं गेलं, तेही आकड्यासकट.

संध्याकाळी आईने कोठीतला जुना फळा काढून अंगणात टांगला. ताईने त्यावर मराठीत आणि खाली इंग्रजीत लिहिलं: आजची तिथी, भरतीची वेळ, ओहोटीची वेळ, ओहोटी लागल्यावर पाण्यात उतरू नये. इंग्रजी वाक्य तिने चार वेळा पुसलं. एका पाहुण्या काकूंनी स्पेलिंगची एक चूक दाखवली, तीही तिने दुरुस्त केली. एरवी इंग्रजीच्या तासाला जांभया देणाऱ्या मुलीने हे केलं, कारण फळा वाचणारी माणसं समोर उभी होती.

नारळ, आणि पायी गेलेले अण्णा

गुरुवारी नारळ पाडायला माणूस आला आणि धाकट्याचा दिवस उजाडला. बाबांनी त्याला सांगितलं, "आज मोजणी तुझी. तू सांगशील तो आकडा मी वहीत लिहिणार." धाकट्याने दहा-दहाचे ढीग केले, दहा ढिगांभोवती चुन्याने रेघ मारली. तीन रेघा, वर चार ढीग आणि सात सुटे. 347. पाडणाऱ्याच्या तोंडी हिशेबात 348. बाबांनी कुणाची बाजू घेतली नाही, म्हणाले, "शोधा." अर्ध्या तासाने एक नारळ अळवाच्या दाटीत सापडला. धाकट्याने तो स्वतः उचलून सात सुट्यांच्या शेजारी ठेवला, आणि शतक, दशक, एकक ही घरं त्याला आता कुणी समजावून सांगायची गरज राहिली नाही.

संध्याकाळी आईने मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट सांगितली. आमच्या इथे ते अण्णाच. परीक्षा द्यायला ते मुरुडहून पायी, घाट चढून साताऱ्याला गेले आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. तेच पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवू लागले, 1916 मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं आणि 1958 मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न झाले. ताईने भिंतीवरच्या नकाशावर दोरा ठेवून मुरुड ते सातारा अंतर मोजलं. दोरा घाटात वळवावा लागतो हे तिला मोजतानाच कळलं. धाकट्याला एकच काळजी: "मग ते परत पण चालतच आले?" आणि हे विचारताना त्याचा आवाज इतका कळवळलेला होता की आजींनी त्याला जवळ घेतलं.

शुक्रवारी अष्टमी. पाणी मंगळवारच्या खुणेपर्यंत पोचलंच नाही, वरच्या दोन काठ्या कोरड्या. आजोबा म्हणाले, "भांगाची भरती." पौर्णिमा-अमावास्येला चंद्र-सूर्य एका रेषेत ओढतात म्हणून उधाण येतं, अष्टमीच्या सुमाराला त्यांची ओढ एकमेकांना काटकोनात पडते म्हणून पाणी कमी चढतं. हे आईने दिवा, लिंबू आणि सुपारी घेऊन दाखवलं. शनिवारी बाबा दोघांना हर्णै बंदरावर लिलाव बघायला घेऊन गेले. समोर सुवर्णदुर्ग, पाण्यातून येणाऱ्या बैलगाड्या, टोपल्यांभोवती बोलींचा गलका. तिथे शिकण्यापेक्षा बघणंच जास्त झालं. बंदर पहिल्यांदा बघणाऱ्याचं तसंच व्हावं.

जे जमलं नाही

काही गोष्टी आठवडाभरात पुढे सरकल्या नाहीत. धाकट्याचा सात-आठचा पाढा होता तिथेच राहिला. पाढ्याला रोज ठरलेल्या वेळी घोकंपट्टी लागते आणि ती ठरलेली वेळ या घरात नव्हती. त्याचं मोठ्याने वाचनही झालं नाही. वर्गात मित्राने एक ओळ वाचली की याला दुसरी वाचायची असते, घरी एकट्याने कुणाच्या पुढे जायचं? बुधवारपासून तो शाळेतल्या खिचडीबद्दल बोलू लागला. आजींनी मुद्दाम खिचडी केली, तूप घालून. ती त्याने संपवली आणि म्हणाला, "छान आहे, पण रांग नाही ना." ताईला लंगडी खेळायला आणि पाऊणकीचा शोध सांगायला मैत्रिणी हव्या होत्या. शुक्रवारी तिने तो मला तीन वेळा सांगितला.

सगळ्यात महत्त्वाचं आईबद्दल. खोल्यांचा हिशेब ती त्या आठवड्यात रात्री अकरानंतर करत होती. घरशाळा म्हटलं की बहुतेक घरांत ती आईचीच शाळा होते, आणि तिच्या बाकीच्या कामातलं एकही काम कमी होत नाही. या घरात गुरुवार-शनिवार बाबांनी सांभाळले आणि मंगळवार आजोबांनी, म्हणून आठवडा तरला. जो पालक हा विचार करतोय त्याला मी पहिला प्रश्न हाच विचारेन: कुठला दिवस कोणाचा?

काय ठरलं

रविवारी सगळे पडवीत बसले आणि मला माझी वही वाचून दाखवायला सांगितलं. मी माझं मत स्पष्ट दिलं. या दोघांना आत्ता शाळा हवी, सोबत्यांसाठी आणि रोजच्या सरावासाठी. आणि या घराने शाळेची नक्कल न करता जे दिलं ते शाळेला देता येणार नाही, म्हणून तेही थांबू नये.

त्याप्रमाणे सोमवारी दोघं शाळेत गेली. भरतीचा फळा ताईकडे राहिला, शाळेत जायच्या आधी ती तिथी बदलते आणि वेळा लिहिते. दर महिन्याची नारळमोजणी धाकट्याची. जेवणाआधी अर्धा तास आजोबांपाशी पाढे, त्यात आता सात-आठही आहेत. भिंतीवरचं रंगीत वेळापत्रक उतरवून त्या जागी तिथीचं कॅलेंडर लागलं. मुलांच्या वर्गशिक्षिकेने काठ्यांची वही पाहून परिसर अभ्यासाच्या तासाला दोन वर्गांना पुळणीवर न्यायचं कबूल केलं आहे, आजोबांनाही बोलावलं आहे. सातवीनंतरचा एसटीचा प्रश्न तसाच आहे. त्यासाठी मुक्त विद्यालयाची माहितीपुस्तिका बाबांनी मागवून घेतली असून मे महिन्यात, आंब्याची गडबड संपली की, पुन्हा बसायचं ठरलं आहे.